कर्करोग संशोधन केंद्राचं ऑफिस उभं करायचं, तर सुरुवात कुठून?

प्रश्न असा आहे. सोलापुरात एका विद्यापीठीय संस्थेत कर्करोग संशोधन केंद्र सुरू होतंय. विचारणाऱ्या ताई बी.कॉम. आहेत. आधी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब आणि निर्यातीचे कागद सांभाळायच्या, आता केंद्रात प्रशासकीय सहायक म्हणून रुजू झाल्या आहेत. संचालक म्हणाले, "ऑफिस उभं करा." त्या विचारतात: मला विज्ञान शिकावं लागेल का? पहिल्या वर्षी नेमकं काय काय करायचं? आणि माणसं किती मागू?

मी उमेदीची बहुतेक वर्षं अशाच कामात घालवली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

विज्ञानाचं आधी सांगते. जनुकं आणि पेशी यांचा अभ्यास तुमच्याकडून कोणी अपेक्षित धरणार नाही. पण प्रत्येक प्रकल्पाबद्दल मुख्य संशोधकाला चार प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून घ्या. रुग्ण पहिल्यांदा कधी येणार आणि पुन्हा कधी कधी येणार? त्याच्याकडून काय घेणार, रक्त की गाठीचा तुकडा? ते किती वेळात गोठवायचं किंवा पुढे पाठवायचं? आणि काही बिघडलं तर कोणाला, किती तासांत कळवायचं? ही चार उत्तरं हातात असली की खरेदी, नेमणुका, करार, अनुदान सगळ्यांची वेळ आपोआप ठरते. आपल्या विद्यापीठांत कामाची सवय उलटी आहे. आधी मंजुरी, मग निधी, मग खरेदी, मग माणूस, आणि सगळं जमलं की रुग्ण शोधायचा. कर्करोगात हे चालत नाही. निदान झालेल्या माणसाचे उपचार दोन-तीन आठवड्यांत सुरू होतात, व्हायलाच हवेत. उपचार सुरू होण्याआधीचा नमुना हवा असेल तर तो त्याच दिवसांत मिळतो, नंतर कधीच नाही. म्हणून रुग्णाची तारीख कागदावर आधी लिहा आणि तिथून मागे मोजत या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी तपशील.

पहिला तपशील एथिक्स कमिटीचा, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचा. तिच्या मंजुरीशिवाय केंद्रात एकही रुग्ण घेता येणार नाही, आणि ती उभी करायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. नव्या औषधाच्या चाचण्यांना २०१९चे 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम' लागू होतात. त्यांत किमान ७ सदस्य सांगितले आहेत. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार, आणि समाजशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा स्वयंसेवी संस्था अशा बाहेरच्या क्षेत्रातला एक जण लागतो. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच. औषध चाचण्यांसाठी समितीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे होते. रक्ताचे नमुने, जुन्या फाइलींचा अभ्यास, सर्वेक्षण अशा इतर आरोग्य संशोधनासाठी ती दिल्लीच्या आरोग्य संशोधन विभागाकडे करावी लागते. दोन वेगळ्या नोंदण्या, दोन वेगळे अर्ज. औषध नियंत्रकांकडची नोंदणी ५ वर्षं चालते आणि मुदत संपायच्या ९० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज जायला हवा. ही तारीख संचालकांच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर आणि तुमच्या मोबाइलमध्ये, दोन्हीकडे टाकून ठेवा.

सोलापुरात यात एक अडचण येते, ती बाहेरच्या सल्लागाराला सहसा सुचत नाही. विद्यापीठाकडे प्रयोगशाळा, संख्याशास्त्र, संगणक असतात, पण रुग्ण असतात सिव्हिलमध्ये आणि बार्शीला. सिव्हिलला जोडलेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय संलग्न आहे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला. केगावचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ चालतं २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यावर. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल तिसऱ्याच संस्थेचं. म्हणजे एका प्रकल्पात तीन घरांचे नियम आणि तीन घरांच्या सह्या. त्यात औषध चाचणीचा नियम असा की ज्या रुग्णालयाची स्वतःची समिती नाही, त्याला दुसरी समिती घेता येते, पण ती त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या परिघातली हवी. बार्शी या परिघाच्या बाहेर पडते. 'आपली समिती आहे, तीच बार्शीला चालवून घेऊ' असं कोणी बैठकीत म्हणालं, तर हा नियम तिथल्या तिथे दाखवा. महिनाभराची पत्रापत्री वाचेल.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगते. समितीचं ऑफिस आणि केंद्राचं ऑफिस एकच ठेवू नका. जागा कमी म्हणून एकाच कपाटात दोन्हीच्या फाइली ठेवल्या जातात, एकच लिपिक दोन्हीकडची पत्रं टाइप करतो. ज्या प्रस्तावावर समितीने निर्णय द्यायचा, तो मांडणारे संचालक त्याच खोलीत बसलेले असतात. हे दिसायलाही बरं नाही आणि तपासणीत तर नाहीच. समितीला वेगळं कपाट, वेगळं कुलूप, वेगळी आवक-जावक आणि सदस्य सचिवांच्या हाताखाली वेगळा माणूस द्या, भले तो अर्धवेळ असो.

समितीच्या इतिवृत्ताला तर फार जपा. आपल्याच भागातलं उदाहरण देते. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्या गटांत, तुलनेसाठी, नेहमीची सेवा. २००९ साली निष्कर्ष छापून आले: एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, आणि जगभरच्या तपासणी धोरणात या निष्कर्षाचा आधार घेतला गेला. पुढे याच गावांतल्या तुलनेच्या गटावरून वादही झाला. त्या स्त्रियांना तपासणी का दिली नाही, त्यांना नेमकं काय सांगितलं होतं, असे प्रश्न जाहीरपणे विचारले गेले. प्रश्न रास्त होते. असे प्रश्न दहा-पंधरा वर्षांनी येतात. तेव्हा त्या बैठकीतली माणसं निवृत्त झालेली असतात आणि उत्तर द्यायला उरतं फक्त इतिवृत्त. 'चर्चेअंती प्रस्ताव मंजूर' एवढंच लिहिलेलं असेल तर कोणाचीच बाजू मांडता येत नाही. कोणत्या सदस्याने कोणती शंका काढली, संशोधकाने काय उत्तर दिलं, कोणत्या अटीवर मंजुरी दिली, हे सगळं लिहा. ज्याचा स्वतःचा प्रस्ताव आहे तो सदस्य निर्णयाच्या वेळी बाहेर गेला होता, हेही वेळेसकट लिहा.

आता संमतीपत्राकडे येऊ. इथे सोलापूर बाकी महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे. तुमच्याकडे येणाऱ्यांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू-दखनी बोलणारे सगळे असतील. विजयपूर, कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात. म्हणून नियमाप्रमाणे चार भाषांत संमतीपत्रं छापून घेतली की काम झालं असं वाटतं. पण शहराच्या पूर्वभागातल्या पन्नाशी-साठीच्या विडी कामगार बाई घ्या. घरात तेलुगू बोलतात, पण अनेकींना तेलुगू लिपी वाचता येत नाही. शाळा थोडी झाली असेल तर मराठीत झालेली. त्यांच्या हातात तेलुगू छापील कागद देणं म्हणजे न देणंच. तिथे कागद तेलुगूत वाचून दाखवणारा माणूस लागतो. अंगठा घ्यायचा तर संशोधन पथकाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. तो सगळं समजावणं चालू असताना हजर हवा, शेवटी सहीपुरता बोलावलेला नको. नव्या औषधी रेणूच्या चाचणीत रुग्ण दुर्बल घटकातला असेल तर दृक्-श्राव्य चित्रीकरणही लागतं. म्हणजे कॅमेरा, शांत खोली आणि चित्रफीत सुरक्षित ठेवायची जागा.

हे सगळं तुमच्या खात्यात येतं, डॉक्टरांच्या नाही. खोली मिळवणं, साक्षीदारांची यादी तयार ठेवणं, भाषांतर करून घेणं, तेच दुसऱ्या माणसाकडून उलट करून मूळ मजकुराशी ताडून पाहणं, समितीने मंजूर केलेल्या आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी छापणं. मजकुरात एक ओळ बदलली तरी नवी आवृत्ती, नवी मंजुरी, आणि जुन्या कोऱ्या प्रती त्याच दिवशी कपाटातून काढून रद्द. जुनी प्रत चुकून वापरली गेली तर त्या रुग्णाची माहिती वाया जाऊ शकते, आणि त्याने सोसलेली सुईसुद्धा.

विडी कामगार बाईंचंच आणखी सांगते. त्या कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू घरी आणतात, विड्या वळतात आणि नेऊन जमा करतात. केंद्रात एक सकाळ गेली की त्या दिवसाच्या विड्या गेल्या, मजुरी गेली. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून येणाऱ्या शेतमजुराचंही तेच, शिवाय सोबत एक माणूस आणि दोघांचं एसटीचं भाडं. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याची मुभा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. रक्कम समितीने मंजूर केलेली असावी, आणि पैशाच्या मोहाने कोणी धोका पत्करेल इतकी ती मोठी नसावी. बहुतेक प्रकल्पांत हे पैसे मंजूर असतात. अडतं ते देण्याच्या पद्धतीवर. रुग्ण बिल देणार, ते लेखा विभागात जाणार, बँक पासबुकाची झेरॉक्स, मग दीड महिन्याने २८० रुपये खात्यात. असं झालं की दुसऱ्या भेटीला माणूस येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात रुग्ण बेजबाबदार आहेत.

म्हणून पहिल्याच महिन्यात वित्त व लेखा अधिकाऱ्यांना टिपणी पाठवा आणि केंद्रासाठी स्थायी अग्रधन, म्हणजे हाताशी कायम ठेवायची रोख, मंजूर करून घ्या. एक साधं छापील व्हाउचर करा: प्रकल्पाचा क्रमांक, रुग्णाचा सांकेतिक क्रमांक, भेट कितवी, कुठून आले, रक्कम, सही किंवा अंगठा, आणि देणाऱ्याची सही. लेखा विभागात जाणाऱ्या प्रतीवर रुग्णाचं नाव आणि आजार दोन्ही एकत्र येता कामा नयेत. लेखापरीक्षक नाव मागतील. त्यांच्यासाठी नाव आणि क्रमांक जुळवणारी नोंदवही संशोधकाच्या कुलपात ठेवा आणि ती तिथेच दाखवा. ५,००० रुपयांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. एवढी मोठी रक्कम रुग्णाला एकदम क्वचितच दिली जाते, त्यामुळे तिकीट नाही म्हणून कोणाचे पैसे थांबवू नका. आणि पैसे रुग्ण उठून जायच्या आत, त्याच सकाळी हातात द्या. केंद्राबद्दल गावात काय बोललं जाईल, ते तिथे ठरतं.

अनुदानाचा हिशेब तुम्हाला येईल, पण कारखान्याच्या हिशेबात आणि यात एक मोठा फरक आहे. कारखान्यात पैसा वाचला तर शाबासकी मिळते. इथे न खर्चलेला पैसा म्हणजे न झालेलं काम, आणि तो परत जातो. आयसीएमआर, जैवतंत्रज्ञान विभाग, नवं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, कोणाचंही अनुदान घ्या, हप्ते वर्षावर येतात. मनुष्यबळ, उपभोग्य साहित्य, प्रवास, उपकरणं, किरकोळ आणि ओव्हरहेड (संस्थेच्या व्यवस्थेसाठीचा वाटा) अशी वेगवेगळी लेखाशीर्षं असतात. एकातून दुसऱ्यात पैसे वळवायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम २०१७च्या १२-अ नमुन्यात द्यायचं असतं. अनुदानावर बँकेत जमलेलं व्याज केंद्राचं नसतं, ते सरकारला परत करायचं असतं. म्हणून प्रत्येक प्रकल्पाचं खातं किंवा निदान खातेवही वेगळी ठेवा, नाहीतर मार्चमध्ये व्याज वाटून काढताना डोळ्यांसमोर काजवे चमकतील. काही योजनांत आता बँकेत पैसे येतच नाहीत, सरकारी खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते, आणि न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला संपते. प्रकल्प यांतल्या कोणत्या पद्धतीचा आहे, हे मंजुरीपत्र हातात पडताच पाहून घ्या.

सगळ्यांत जास्त त्रास एप्रिल ते जुलैमध्ये होतो. पहिला हप्ता मार्चला संपतो. दुसऱ्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचं विवरण आणि प्रगती अहवाल जातात. ते तपासून पैसे यायला पावसाळा उजाडतो. मधल्या काळात कंत्राटी मुलामुलींचे पगार थांबतात. जिच्याकडे सगळ्या रुग्णांची माहिती तोंडपाठ आहे अशी समन्वयक मुलगी पुण्याला नोकरी धरते, आणि तिच्याबरोबर अर्धा प्रकल्प जातो. यावर उपाय आहे, पण तो आधी करावा लागतो. मंजूर अनुदानाच्या तारणावर विद्यापीठाच्या निधीतून तीन-चार महिन्यांचे पगार अग्रिम द्यावेत आणि हप्ता आला की वळते करावेत, असा ठराव व्यवस्थापन परिषदेकडून केंद्र सुरू होतानाच घ्या. कुलसचिवांना हे पटवायला संचालकांनी स्वतः जावं. जूनमध्ये, पगार थांबल्यावर, असा ठराव कोणी करत नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, दरपत्रकं, निविदा, खरेदी समिती, यांच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात आणि वैज्ञानिक साहित्याला वेगळे आदेश निघतात. चालू परिपत्रक काढून फाइलीच्या पहिल्या पानावर लावा. सांगायचं ते वेगळंच आहे. उणे ८० अंशांचा फ्रीझर अनुदानातून येतो, पण त्याची खोली, वायरिंग, एसी आणि जनित्राचं डिझेल सहसा कोणत्याच लेखाशीर्षात नसतं. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, पारा बेचाळीसच्या वर जातो. बंद खोलीत हा फ्रीझर स्वतःच उष्णता बाहेर टाकतो, खोली तापते, आणि कॉम्प्रेसर दमतो. फ्रीझरची मागणी लिहाल त्याच टिपणीत खोलीला दोन एसी आळीपाळीने, स्वतंत्र विजेची लाइन, जनित्राशी जोडणी, आणि तापमान चढलं की तीन जणांच्या फोनवर वाजणारा अलार्म, हे सगळं मागा. दुसऱ्या फ्रीझरमध्ये एक कप्पा कायम रिकामा ठेवा, पहिला बंद पडला तर नमुने हलवायला. आणि सुट्टीच्या दिवशी खोलीची किल्ली कोणाकडे असते, हे दारावर नावानिशी लावा.

नमुने बाहेर पाठवायचे तर सोमवार-मंगळवारीच पाठवा. पुण्याची वाट अडीचशे किलोमीटर, मुंबई चारशे. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो आणि सतत उडून जात असतो. शुक्रवारी निघालेली पेटी शनिवारी बंद दारापुढे पोचली तर सोमवारी आत काय उरेल ते सांगायला नको. पेटीत तीन आवरणं: न गळणारी नळी, शोषक कागदासह दुसरं भांडं, आणि बाहेरचं मजबूत खोकं. कोरड्या बर्फाची पेटी हवाबंद करायची नसते, वायू बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. बाहेर 'जैविक पदार्थ, वर्ग ब' ची यूएन ३३७३ खूण. आत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. सोबत नमुन्यांची यादी, सांकेतिक क्रमांकांची, नावांची नव्हे. निघताना कोणी दिलं, कोणी घेतलं, किती वाजता, आणि पोचल्यावर तेच पुन्हा. निर्यातीचे कागद सांभाळलेत ना, हे तुम्हाला बाकी कोणापेक्षा लवकर जमेल.

औषध चाचणी असेल तर एक तक्ता भिंतीवर हवाच. रुग्णाला गंभीर अपाय झाला, म्हणजे मृत्यू, जिवावरचं संकट किंवा रुग्णालयात भरती, तर संशोधकाने २४ तासांत तीन ठिकाणी कळवायचं असतं: औषध नियंत्रक, प्रायोजक (ज्याच्या वतीने चाचणी होते तो) आणि एथिक्स कमिटी. सविस्तर विश्लेषण १४ दिवसांत. हे २४ तास रविवार, दिवाळी, आषाढी पाहत नाहीत. कोणाला फोन, कोणत्या पत्त्यावर मेल, कोरा नमुना संगणकावर कुठे, हे रात्री ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरलाही सापडलं पाहिजे. आणि पहिला रुग्ण घ्यायच्या आधी चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, झालेली हवी. २००९पासून ते सक्तीचं आहे, आणि नंतर करता येत नाही.

पैशाचा आणखी एक गुंता इथे होतो. रुग्ण सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत असेल तर त्याचे नेहमीचे उपचार योजनेतून होतात. आपला जिल्हा २०१२ सालच्या पहिल्या टप्प्यापासून, राजीव गांधी जीवनदायी या नावाने, त्यात आहे. पण चाचणीपुरत्या वाढीव तपासण्यांचा खर्च प्रायोजकाचा. एकाच स्कॅनचं बिल दोन्हीकडे जाता कामा नये. प्रत्येक प्रकल्पासाठी तक्ता करा: कोणती तपासणी नेहमीची, कोणती संशोधनाची. तो रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आणि बिलिंगला आधीच द्या.

पाठपुराव्याचं कॅलेंडर सोलापूरचं असू द्या. दर तीन महिन्यांनी भेट, असं मुंबईत बसून ठरवलेलं असतं. आषाढीच्या सुमारास एसटी पंढरपूरकडे वळवलेल्या असतात आणि आरोग्य कर्मचारी वारीच्या ड्यूटीवर. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की घरं बंद, माणसं थेट चार-पाच महिन्यांनी परत. बहुतेक प्रकल्पांत भेटीला आठवडाभर पुढेमागे चालतं. ती सवलत किती आहे हे विचारून घ्या आणि तारखा त्यात बसवा. एक फोन रुग्णाचा, एक शेजाऱ्याचा किंवा गावच्या आशाताईंचा, रुग्णाच्या संमतीने नोंदवून ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र रुग्णाचं नाव, फोटो, अहवाल काहीही नको, डॉक्टरांनी स्वतः टाकला तरी त्यांना थांबवा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी त्या घरातल्या लग्नाच्या मुलीचा विचार करा.

हे सगळं जमतं का? जमतं, आणि आपल्या जिल्ह्यात जमलेलं आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात देशातली पहिली ग्रामीण नोंदणी, म्हणजे गावांतल्या कर्करुग्णांची मोजदाद, १९८७ साली बार्शीला सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या फाइलींवर चालते. खेड्यात माणूस रुग्णालयात पोचतच नव्हता, तर फाइल कुठली? म्हणून नोंदणीची माणसं गावोगावी गेली. लक्षणं सांगितली, संशयित माणसांना तपासणीला आणलं, मृत्यूच्या नोंदी पाहिल्या, आणि पुन्हा त्याच गावात गेली. याचं शास्त्रीय श्रेय डॉक्टरांना मिळतं, मिळायलाच हवं. पण मला त्यामागे जीपचं लॉगबुक दिसतं, डिझेलची बिलं, कोणत्या गावात बाजार कधी याचं वेळापत्रक, वेळेवर काढलेला प्रवासभत्ता. हे कोणीतरी वर्षानुवर्षं केलं, म्हणून धाराशिवच्या गावांत लाखाच्या वर स्त्रियांचा अभ्यास उभा राहू शकला. एकदा बार्शीला जाऊन तिथल्या नोंदणीच्या माणसांशी बोला. डॉक्टरांना भेटून झालं की ऑफिसात बसा.

आता माणसं किती. अमेरिकेत १९७१च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यानंतर नामांकित केंद्रांना तिथली राष्ट्रीय कर्करोग संस्था वेगळं आधार-अनुदान देते, आणि त्यात प्रशासन हा स्वतंत्र घटक असतो. आपल्याकडे प्रकल्पाचे पैसे प्रकल्पाला, ऑफिसला ओव्हरहेडमधून जे मिळेल ते. म्हणून ओव्हरहेडमधला केंद्राचा वाटा किती, हे कुलसचिवांकडून लेखी घ्या. त्यावर पहिल्या वर्षी चार माणसं मागा. हिशेब-खरेदीला एक, तिथे तुम्ही आहातच. एथिक्स कमिटीला अर्धवेळ एक. नमुने आणि भांडाराला एक, विज्ञान शाखेचा. आणि रुग्ण समन्वयक एक. चौघांतून एकच मिळणार असेल तर समन्वयक घ्या. तेलुगू किंवा कन्नड सहज बोलणारी आणि घरी जाऊन बसली तर लोक चहा विचारतील अशी. इंग्रजी टायपिंग नंतर शिकवता येतं.

आणि उद्यापासून लागायचं काम म्हणजे समितीच्या नोंदणीचं. अर्ज ऑनलाइन भरणं सोपं आहे. वेळ खातात ती सदस्यांची कागदपत्रं: परिचयपत्रं, संमतीपत्रं, जीसीपी (चाचण्या नीट करण्याच्या पद्धती) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, गोपनीयतेचे करार. सोलापुरातले चांगले वकील आणि समाजकार्याचे प्राध्यापक व्यस्त असतात. मेल पाठवून वाट पाहू नका, फाइल आणि पेन घेऊन स्वतः जा. संध्याकाळी सातनंतर गेलात तर वकीलसाहेब ऑफिसात भेटतील.